शाळेतील वाळवी, उंदीर आणि विषाची बाटली

ट्रस्टच्या स्मरणिकेसाठी शाळेविषयी काही लिहून द्या, अशी चिटणीसांची चिठ्ठी आली, तेव्हा निकालाचे आकडे, खेळातील ढाली किंवा नव्या वर्गखोल्या यांवर आम्ही लिहावे अशीच त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही वाळवी, उंदीर, झुरळे आणि डास यांवर लिहिणार आहोत. वाचकांनी नाक मुरडू नये. बेळगावच्या बाजूस मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि मंगळुरी कौले असलेल्या जुन्या इमारतींतून ज्यांनी शिकविले आहे, त्यांना ही मंडळी हजेरीपटावर नसली तरी वर्गात रोज हजर असतात हे ठाऊक आहे.

बी.एड.च्या वर्षात आम्हांस पाठाचे टाचण कसे काढावे, फळ्यापाशी कसे उभे राहावे, हे सारे शिकविले. कपाटात वाळवी निघाली तर शिक्षकाने काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे मात्र कोणी सांगितले नाही. ते आम्ही एका विद्यार्थ्याच्या जिवावर बेतल्यानंतर शिकलो.

गोष्ट २००९ सालची. शाळेचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण चूक शाळेची नव्हती, आमची होती. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते व शाळा उघडण्यास आठवडा उरला होता. कार्यालयातील लाकडी कपाट उघडले तो खालच्या खणातून ओल्या मातीचा वास आला. जनरल रजिस्टरचा एक जुना खंड हाती घेतला. पुठ्ठा जसाच्या तसा, आत पानांची चाळण झालेली. वाळवीची रीतच अशी. ती उजेडात येत नाही, वरचा पापुद्रा राखून आतले खाते. जनरल रजिस्टर म्हणजे काय, हे शिक्षकांखेरीज इतरांच्या लवकर ध्यानात येत नाही. पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला मनुष्य जन्मतारखेसाठी, दाखल्यासाठी काठी टेकीत येतो, तेव्हा त्याचा सगळा पुरावा त्या वहीतील एका ओळीत असतो. त्या ओळी मातीत गेलेल्या पाहून आमचा धीर सुटला.

त्याच दुपारी शेतीऔषधांच्या दुकानातून आम्ही क्लोरपायरिफॉसचा डबा आणला. बादलीत अंदाजाने पाणी मिसळले आणि कपाटामागे, भिंतीच्या बुडाशी, दाराच्या चौकटीत सढळ हाताने ओतले. डब्याचे झाकण नीट बसेना, म्हणून उरलेले औषध सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत भरून नकाशांच्या कपाटावर ठेवले. चिठ्ठी लावावयाची राहून गेली. शाळा भरल्याच्या तिसऱ्या दिवशी सातवीतील एका मुलास, आम्हीच, नकाशा आणावयास पाठविले. गुंडाळी ओढताना बाटली खाली येऊन फुटली. औषध त्याच्या सदऱ्यावर व हातापायांवर उडाले. सर रागावतील या भीतीने त्याने कोणास काही सांगितले नाही. उलट फडक्याने फरशी पुसून काढली व तोच ओला सदरा अंगावर ठेवून वर्गात येऊन बसला. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यास दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता, "औषध कोणते? डबा कुठे आहे?" डबा आम्ही कधीच फेकून दिला होता. सुदैवाने दुकानाची पावती खिशात निघाली. चौथ्या दिवशी मुलगा घरी गेला. त्याची आई आम्हांस एक शब्दही बोलली नाही. "सर, बरा आहे तो आता. तुम्ही घरी जाऊन जेवा," एवढेच म्हणाली. ते वाक्य आम्हांस अद्याप जड जाते.

पुढे आम्ही याविषयी जे वाचले व जाणत्यांकडून समजून घेतले, ते थोडक्यात असे. या जातीची औषधे किड्याच्या मज्जातंतूंतील एका द्रव्याचे काम बंद पाडतात, त्यामुळे तंतू सारखे चेतत राहतात व शेवटी श्वास थांबतो. तेच द्रव्य माणसाच्या शरीरातही आहे. औषध तोंडावाटेच जावे लागते असे नाही, ते कातडीतूनही शोषले जाते. मुलांना धोका मोठ्यांहून अधिक, कारण त्यांचे वजन कमी आणि वजनाच्या मानाने श्वास अधिक. शिवाय ती जमिनीवर बसतात व तीच बोटे तोंडात घालतात. अंगावर औषध सांडलेच तर कपडे ताबडतोब उतरवून साबणपाण्याने अंग धुवावे, मुद्दाम उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि डबा अथवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांकडे बरोबर न्यावी.

हे आमच्याच हातून घडले असे मात्र नाही. १९५८ साली केरळात अन्नातून विषबाधा होऊन शंभरावर माणसे दगावली. धान्यपीठ आणि पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक एकाच जहाजातून आणले होते व ते पिठात मिसळले होते. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. प्रत्येक डब्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हा त्याच कायद्याच्या नियमांतला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा म्हणजे त्यांतल्या त्यात सौम्य. इतके करूनही १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस होते. तेलाला वास येतो, असे स्वयंपाकीण आधीच म्हणाली होती. या तिन्ही ठिकाणी विष किड्यांच्या नव्हे, तर जेवणाच्या आणि मुलांच्या वाटेवर येऊन पडले होते. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की शाळेत विष हा पहिला नव्हे, अगदी शेवटचा उपाय असावा. आणि पहिले उपाय नीट केले तर बहुतेक वेळा शेवटच्याची पाळी येत नाही.

वाळवीचेच घ्या. तिला ओल, अंधार आणि जमिनीशी जोडलेला रस्ता लागतो. मातीची बारीक नळी करून ती भिंतीवरून चढते, कारण उघड्या हवेत ती सुकून मरते. तेव्हा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून लोखंडी घडवंचीवर ठेवले, कागदांचे गठ्ठे जमिनीवरून उचलले आणि कौलांची गळती काढली, म्हणजे अर्धे काम झाले. नळी दिसली तर थोडी मोडून ठेवावी व चार दिवसांनी पाहावी. पुन्हा सांधलेली असेल तर वाळवी जागी आहे. अशा वेळी परवाना असलेल्या माणसांस बोलवावे. ते भिंतीच्या बुडाशी ठराविक अंतरावर भोके पाडून मोजून औषध आत सोडतात व भोके बुजवितात. ते काम एप्रिल-मेच्या सुट्टीतच व्हावे. आणि जुन्या जनरल रजिस्टरांची छायाचित्रे घेऊन दोन ठिकाणी ठेवावीत. हा खर्च ट्रस्टला सहज पेलण्याजोगा आहे.

आमच्या घरी ईदेपूर्वी आणि शेजारच्या घरी दिवाळीपूर्वी कपाटे ओढून, माळे रिकामे करून जी झाडलोट होते, ती शाळेत होत नाही. शाळेत समारंभाआधी फक्त दर्शनी भिंतीला चुना लागतो.

उंदीर येतो तो खाण्यासाठी, आणि खाणे आपण ठेवतो म्हणून. तांदळाची पोती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेली, बाकाखाली डब्यातील सांडलेले, मागच्या अंगणात उष्टे. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो. आम्ही फटींत तारेची घासणी ठासून वरून सिमेंट लावतो, दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी मारतो, तांदूळ झाकणाच्या पिंपात ठेवतो आणि पिंजरा लावतो. पिंजरा पहिल्या रात्री रिकामा राहिला म्हणून निराश होऊ नये. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, चार दिवस तिला टाळतो. विष घातले तर तो कोठेतरी माळ्यावर मरतो व आठवडाभर वर्ग भरवता येत नाही. शिवाय तो मेलेला उंदीर खाणारे मांजर किंवा घुबडही जाते. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांविषयी तर स्पष्ट सांगतो, त्या शाळेच्या कुंपणाच्या आतही येऊ देऊ नयेत. हवेतील दमटपणानेच त्यांतून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. बिळे बुजविण्याचे आणखी एक कारण आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात केरळातील सुलतान बत्तेरी येथे वर्गातल्याच बिळात असलेल्या सापाच्या दंशाने पाचवीतील मुलगी दगावली.

झुरळांवर फवारा मारला की ती शेजारच्या खोलीत जातात आणि त्यांच्या अंड्यांच्या पिशव्या तशाच राहतात. मोरीची जाळी, रात्री कोरडे केलेले बेसिन आणि बिजागरीच्या फटीत ठेवलेले औषधी मलमाचे ठिपके यांनी काम अधिक निश्चित होते. मुंग्यांविषयी काही लिहावयाचे नाही, साखर झाकावी. झुरळांसाठी मिळणारा औषधी खडू मात्र शाळेत मुळीच आणू नये. तो दिसावयास अगदी फळ्यावरच्या खडूसारखा असतो. पहिलीतल्या मुलाने त्यात फरक कसा करावा? पुस्तकांतील डांबराच्या गोळ्याही पेपरमिंटसारख्या दिसतात, आणि काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटतात. कसरीसाठी वर्षातून दोनदा पुस्तके खाली काढून झटकणे पुरते. जुनी "गॅमेक्सीन" पावडर कोठे पडून असेल तर ती शिंपडू नये. त्यातील लिंडेनचा वापर २०१३ पासून आपल्याकडे बंद आहे.

डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणजे ऐन शाळेच्या वेळात. तो स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो व अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे शनिवारी सकाळची शाळा सुटताना माठ, टाकी, कुंड्यांच्या ताटल्या रित्या करून घासल्या की साखळी तुटते. घासणे आवश्यक, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. हे काम पाचवीची मुले आनंदाने करतात, आणि भिंगातून पाहिलेल्या अळ्या पुस्तकातील चित्रापेक्षा त्यांच्या अधिक लक्षात राहतात.

आता आमच्या कार्यालयात एक वही टांगलेली आहे. काय दिसले, कोठे दिसले, काय केले, एवढेच तिच्यात लिहावयाचे. औषध वापरावे लागलेच तर दसऱ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी, मूळ डब्यातून, नाव व प्रमाण वहीत नोंदवून. उरलेले औषध आणणाऱ्यानेच परत न्यावयाचे. नंतर खिडक्या उघड्या ठेवून बाके पुसून घ्यावयाची. दुपारचे जेवण मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखावे असा सरकारी नियम आहे. त्याची सहीदेखील आम्ही त्याच वहीत घेतो. या आठवड्यात तिच्यात दोन नोंदी आहेत. चौथीच्या वर्गाबाहेर पश्चिमेच्या भिंतीवर वाळवीची नळी, मोडून ठेवली आहे. आणि मागच्या कडुनिंबावर आग्यामोहोळ, मुलांना त्या बाजूस जाण्यास मनाई, पोळे उतरविणाऱ्या माणसास निरोप पाठविला आहे.