औषधाची वाटचाल : पुरवठा साखळीची मूलतत्त्वे

रुग्णाच्या हाती पुडी पडते, तेव्हा त्या औषधाचे गुण बहुतांशी आधीच ठरलेले असतात. वनस्पतीची ओळख, संग्रहकाल, वाळवण, वाहतूक, साठवण आणि विक्री या एकमेकींत गुंतलेल्या कड्यांनाच व्यवसायशास्त्रात 'पुरवठा साखळी' म्हणतात. यांतील एक कडी कच्ची राहिली, तर निदान अचूक असूनही उपशय मिळत नाही.

वृक्षाम्ल, म्हणजे आपले कोकम, हे सिंधुदुर्गातील जवळचे उदाहरण. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. फळ मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत पिकते. साल रसात भिजवून पुनःपुन्हा उन्हात वाळवावी लागते. पाऊस लागला की वाळवण थांबते. वर्षाची खरेदी या थोड्या आठवड्यांतच ठरते. म्हणून दरापूर्वी ऋतू पाहावा, हे पहिले तत्त्व.

दुसरे तत्त्व ओळखीचे. अशोकाच्या सालीत आसोपालवाच्या सालीची भेसळ आढळते. चूर्ण झाल्यावर नुसत्या डोळ्यांनी भेद कळणे कठीण. म्हणून शक्यतो अखंड द्रव्य घ्यावे, पारखावे व मगच कुटावे. पिशवीवर संग्रहाचे ठिकाण, दिनांक व खरेदी क्रमांक लिहावा. तक्रार आल्यास मुळापर्यंत जाता येते.

तिसरे तत्त्व साठ्याचे. समजा, त्रिफळाचूर्ण रोज १०० ग्रॅम लागते आणि माल आठ दिवसांत येतो. तर साठा ८०० ग्रॅमवर येण्यापूर्वीच मागणी नोंदवावी. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून पंधरा दिवस लागण्याची शक्यता असेल, तर हीच मर्यादा दीड किलो धरावी.

मात्र भीतीपोटी केलेला अतिसाठाही घातक ठरतो. शार्ङ्गधरांनी चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटी व अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात असे सांगितले; आसव मात्र जुने झाल्याने गुणवान मानले. तेव्हा चूर्ण थोडे व वारंवार करावे. किनाऱ्यावरील दमट हवेत ते हवाबंद बरणीत, जमिनीपासून उंच ठेवावे. तयार औषधांवरील छापील मुदत पाळावी आणि आधी मुदत संपणारा माल आधी द्यावा.

संग्राहकाचा मोबदला वेळेवर देणे हाही या साखळीचाच भाग होय. पैसा अडला की अपक्व फळ तोडण्याचा मोह वाढतो. प्रत्येक वैद्याने व औषधालयचालकाने यंदा मृगापूर्वी एक नोंदवही उघडावी, अशी आमची विनंती आहे.