बाळापूर : किल्ल्याआधीची छावणी

अकोला जिल्ह्यातील बाळापूर म्हटले की मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमालगतचा विटांचा उंच किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाची काळ्या दगडाची छत्री या दोन वास्तू आठवतात. परंतु दख्खनच्या लढायांचे हुकूम ज्या काळात बाळापुरातून सुटत होते, त्या काळात आजचा किल्ला उभाच नव्हता. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने त्याचे काम आरंभले असे मानले जाते आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ साली पुरे केले. बाळापूरचे खरे लष्करी महत्त्व त्याआधीच्या दीड शतकातले असून ते तंबूंच्या छावणीत होते, तटबंदीत नव्हते. म्हणूनच आज त्याची खूण जमिनीवर सापडत नाही.

१५९६ साली अहमदनगरच्या निजामशाहीची बाजू लढवणाऱ्या चांदबिबीशी झालेल्या तहाने वऱ्हाड अकबराच्या हाती आले आणि शाहजादा मुराद याने बाळापूरपासून काही कोसांवर शहापूर वसवून तेथे आपला तळ दिला. जागेची ही निवड सहज झालेली नव्हती. मोगलांचे दख्खनमधील मुख्य ठिकाण तापीकाठचे बऱ्हाणपूर; तेथून दक्षिणेकडे निजामशाही मुलखावर चालून जाताना मधल्या मजलेवर पाणी, वैरण आणि धान्य हवे, तसेच मागे बऱ्हाणपूरशी डाकेची ये-जा अखंड राहायला हवी. बाळापूर परगणा, म्हणजे महसुलासाठी एकत्र केलेला गावांचा गट, वऱ्हाड सुभ्यातील संपन्न परगण्यांपैकी होता आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर चढले की पलीकडे शत्रूचाच मुलूख होता. फौजेला लागणारे धान्य बंजारे बैलांच्या तांड्यांवर लादून आणीत. तांडा अडला की छावणी उपाशी, इतके हे गणित सरळ होते.

या गणिताच्या दोन्ही बाजू बाळापूरने पाहिल्या. दोह्यांचा कवी म्हणून ओळखला जाणारा अब्दुर्रहीम खानखाना याचा मुलगा शाहनवाजखान बाळापुरात तळ देऊन होता, तेव्हा जाधवराव, उदाराम यांसारखे निजामशाहीतील मराठे सरदार निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याला सोडून त्याला येथेच येऊन मिळाले. शत्रूच्या वाटा आणि फौजेचा अंदाज अशा माणसांकडूनच कळत असे. पुढे १६१६ मध्ये जालन्याजवळच्या रोषणगावला अंबरचा पराभव झाला आणि त्याची खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, मोगलांनी उद्ध्वस्त केली. अवघ्या चार वर्षांनी फासे उलटले. अंबरने गनिमी काव्याने रसद तोडली, तेव्हा शाहनवाजचा भाऊ दाराबखान मेहकरहून बाळापूरला आणि तेथेही धान्याची टंचाई भासल्यावर थेट बऱ्हाणपूरला मागे हटला. मैदानात हार झालेली नसतानाही ठाणे सुटले, आणि दख्खनच्या युद्धाचा स्वभाव यातून जितका कळतो तितका क्वचितच एखाद्या मोठ्या लढाईतून कळतो.

पुढे शंभर वर्षांनी, १७२० च्या लढाईत तर निसर्गानेच हात दाखवला. दिल्लीत राज्य चालवणाऱ्या सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान आणि त्यांच्याविरुद्ध उठलेला मोगल सरदार निजामउल्मुल्क हे ऐन पावसाळ्यात समोरासमोर आले. पूर्णेला पूर होता. निजामाचा सरदार एवजखान याने उतार शोधून दिल्यावर निजामाची फौज नदी पार झाली. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की चाकाला आणि खुराला चिकटणारा जो गारा होतो त्यात तोफा रुतल्या, मराठे स्वारांनी दाणावैरण अडवली आणि छावणीत अन्न महागले. तरीही ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ झालेल्या लढाईत हत्तीवरून लढणारा तरुण आलमअली मारला गेला. निजामाला दख्खन मोकळे झाले, हैदराबादच्या आसफजाही राज्याची वाट येथून निघाली. एवढ्या मोठ्या घटनेची आठवण बाळापुरात ठळकपणे जपली जावयास हवी होती.

विसाव्या शतकात मुख्यालयाचा अर्थ बदलला, तरी जागेची कसोटी फारशी बदलली नाही. १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांचे मुख्यालय लंडनजवळच्या बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात होते आणि सेनापती डाउडिंग तेथून, रडारने व निरीक्षकांनी कळवलेल्या खबरा एकाच नकाशावर जुळवून, जर्मन हल्ल्यांना तोंड देत होता. धान्याच्या तांड्यांची जागा टेलिफोनच्या तारांनी घेतली होती, पण खबर जिथे सर्वांत आधी पोहोचते तीच जागा याही वेळी मोलाची ठरली. हवाई दलाने ती वास्तू २००८ साली सोडली आणि आज तेथे त्या युद्धाचे संग्रहालय आहे.

बाळापूरच्या वाट्याला तसे काही आले नाही. किल्ल्याचा आतला पंचकोनी तट, पाच कोनांवरचे बुरूज आणि एकामागे एक असलेले दरवाजे अजून पाहता येतात, आणि विटांची जुडाई इतकी नेटकी आहे की ती जपण्यासाठी वेगळे कारण शोधावे लागू नये. मात्र १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला लोहमार्ग बाळापूरला न शिवता पारसवरून अकोल्याकडे गेला, जिल्ह्याची कचेरी अकोल्यात बसली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली तीही अकोल्याजवळ, शिवणीला.