सांधे आखडणाऱ्या सभासदांसाठी



सकाळी दोन्ही हातांची बोटे सुजून तासभर आखडतात, मूठ वळत नाही, खुरपं धरवत नाही. ही नुसती कष्टाची दुखणी नव्हेत, आमवात असू शकतो. तो वर्षानुवर्षे चालतो. सांध्यांचे डॉक्टर शहरात, भेट दोन-तीन महिन्यांनी. मधले दिवस आपणच सांभाळायचे.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. रोज घेतले तर जिवावर बेतते. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. मध्येच सोडू नये. रक्ततपासणी चुकवू नये. दुकानातून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोट व मूत्रपिंडे बिघडतात. स्टेरॉइड एकदम तोडू नये. उसाच्या पावत्या आपण जपतो, तशी दुखण्याची वही ठेवू आणि डॉक्टरांपुढे उघडू.