देखणे कॅमेरे, कुरूप कॅमेरे

एके काळी आपल्याकडे लग्न ठरवताना मुलीच्या आधी तिचा फोटो वरपक्षाच्या घरी जाई. फोटो हातोहात फिरे, चष्म्याआडून न्याहाळला जाई, नाक कसे, रंग कसा, यावर घरातली पोरेटोरेसुद्धा मत देत. परंतु ज्या यंत्राने तो फोटो काढला, त्याचे स्वतःचे रूप कसे होते, याची चौकशी कोणी केली आहे काय? आज दिवाळीच्या निमित्ताने आपण तीच उलटी परीक्षा घेऊ. फिल्मवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांना एकेक करून समोर बसवू आणि नाकीडोळी कोण नीटस, कोण बेढब, ते ठरवू. परीक्षक मी एकटाच असल्यामुळे निकालाबद्दल वाद होणार, हे गृहीत आहे!

नाकीडोळी नीटस

पहिला मान लायकाला दिला नाही, तर शौकीन मंडळी मला घरी येऊन जाब विचारतील. जर्मनीतील वेट्झलार गावी अर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथे ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ काम करी. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेच्या प्लेटा आणि तिपाई असा सारा संसार. प्रकृतीने नाजूक असलेल्या बार्नाकला हे ओझे पेलवेना. म्हणून 1914 च्या सुमारास त्याने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे 24 बाय 36 मिलिमीटरचे चित्र घेणारा एक चिमुकला कॅमेरा बनवला. मध्ये महायुद्ध आले आणि तो बाजारात यायला 1925 साल उजाडले.

लायकाचे सौंदर्य कशात आहे? त्याच्या दोन्ही कडा गोल आहेत, कारण आपले तळवे गोल आहेत. अंगावर एकही दागिना उगाच घातलेला नाही. 1954 च्या ‘एम थ्री’ या अवतारात तर हे रूप इतके परिपूर्ण झाले, की पुढच्या कारागिरांना त्यात बदल करताना हात आखडावा लागला. आणि गंमत पाहा! लायकाचा सर्वांत प्रसिद्ध उपासक, फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ, त्याच्या चकचकीत भागांवर काळी चिकटपट्टी लावून ते रूप झाकून टाकी. कॅमेऱ्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, हीच त्याची इच्छा. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींच्या हत्येच्या थोडा वेळ आधी दिल्लीत त्यांना भेटलेला छायाचित्रकार तो हाच.

दुसरी निवड रोलीफ्लेक्सची. ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांचा हा कॅमेरा 1929 साली आला. एकावर एक असे दोन डोळे. वरच्याने पाहायचे, खालच्याने चित्र घ्यायचे. लायकावाला कॅमेरा डोळ्याला लावतो तेव्हा नेम धरल्यासारखा दिसतो. रोलीफ्लेक्सवाला मात्र मान खाली घालून छातीशी धरलेल्या काचेत पाहतो. जणू समोरच्याला वाकून नमस्कारच करतो! साहजिकच समोरचा माणूस बुजत नाही. होमाई व्यारावाला यांच्या हाती हा कॅमेरा असे. 1913 साली नवसारीला जन्मलेल्या आणि आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या बाई भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत उभे राहून त्यांनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या वर्षांची चित्रे टिपली. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

नुसत्या रूपाचेच बक्षीस द्यायचे, तर ते कोडॅकच्या ‘बँटम स्पेशल’ला द्यावे लागेल. 1936 साली वॉल्टर डॉर्विन टीग या अमेरिकन आकारशिल्पीने तो घडवला. काळ्याभोर मिन्यावर चांदीसारख्या समांतर रेघा; मिटला की शिंपला, उघडला की मोती. परंतु त्याला लागणारी खास मापाची फिल्म पुढे बाजारातून गेली आणि ही लावण्यवती काचेच्या कपाटात जाऊन बसली. नुसत्या रूपावर संसार होत नाही, असे आमची आजी म्हणत असे. तिने हा कॅमेरा पाहिला नव्हता, एवढेच!

चौथा पोलरॉइडचा ‘एसएक्स सेव्हंटी’. 1943 साली एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही?” त्या बालहट्टाचे परिपक्व उत्तर 1972 साली या कॅमेऱ्याच्या रूपाने बाहेर पडले. मिटलेला असताना चामडे मढवलेल्या चपट्या डबीसारखा; उघडला की तंबूसारखा उभा राहतो. खटका दाबताच पुढून कागद बाहेर येतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत त्यावर चित्र उमलते.

आता बेढबांची पंगत

कुरूपांत पहिले नाव अमेरिकेच्या ‘आर्गस सी थ्री’चे. 1939 पासून 1966 पर्यंत तो निघत होता आणि वीस लाखांहून अधिक खपला. सगळे कोपरे चौकोनी, अंग बेकेलाइटचे, आणि घड्याळाच्या पोटात असावीत ती दातेरी चाके चक्क तोंडावर. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘वीट’. परंतु विटेला नावे ठेवण्यापूर्वी मराठी माणसाने दोनदा विचार करावा. आपला विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे तो कशावर? टोनी व्हॅकारो नावाचा एक अमेरिकन शिपाई दुसऱ्या महायुद्धात ही वीट गळ्यात घालून आघाडीवर गेला. रात्रीच्या अंधारात शिपायांच्या लोखंडी टोपांत रसायने ओतून तो फिल्म धुवी. युद्धाची काही अत्यंत जिवंत चित्रे या बेढब डब्यातून निघाली आहेत.

न्यूयॉर्कचा 1938 चा ‘युनिव्हेक्स मर्क्युरी’ पाहा. डोक्यावर अर्धगोल कुबड! परंतु त्या कुबडात एक गोल तबकडी फिरते आणि तीच प्रकाश आत सोडते. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेग तिला साधतो. म्हणजे हे कुबड आजाराचे नव्हे, कष्टाचे आहे, हमालाच्या पाठीसारखे. झाइस कंपनीच्या ‘कॉन्टारेक्स’च्या कपाळावर प्रकाश मोजणारा भला मोठा गोल डोळा आहे. जडशीळ, एकाक्ष राक्षसच. परंतु त्याची भिंगे अशी, की भल्याभल्यांनी हात जोडावेत.

मग खरा कुरूप कोण? माझ्या मते 1991 सालचा कोनिकाचा ‘आयबोर्ग’. काळे प्लास्टिक, ठिकठिकाणी फुगवटे आणि बटणांची जत्रा. पाहताच ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील काळ्या मुखवट्याचा खलनायक आठवतो. वास्तविक तो काम करतो घरगुती कॅमेऱ्याचेच. आव मात्र आणतो अवकाशयानाचा. वीट ओबडधोबड असली तरी खोटे बोलत नाही, हा बोलतो. माणसांत आणि यंत्रांत, मला वाटते, खरी कुरूपता येथूनच सुरू होते.

एका खोक्याची गोष्ट

या दोन्ही पंगतींत न बसणारा एक कॅमेरा उरला. 1900 साली कोडॅकने ‘ब्राउनी’ काढला. किंमत एक डॉलर, अंग पुठ्ठ्याचे. त्यानंतर असे बॉक्स कॅमेरे जगभर झाले. त्यांना रूप नाही आणि कुरूपही म्हणवत नाही. नुसते खोके.

असे एक खोके आमच्या वडिलांनी चोरबाजारातून जुने आणले होते. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. थोरल्या ताईसाठी स्थळे पाहणे चालू होते. तिला एका स्टुडिओत नेले. तेथला कॅमेरा काय देखणा! सागवानी अंग, पितळी नळी, काळा मखमली पडदा. ताईला पावडर फासली, शेजारणीची शालू नेसवली आणि “हसू नका” असे बजावले. फोटो आला तो शिक्षा ऐकत असल्यासारखा. तीन घरांतून तो परत आला. तिसऱ्या वेळी पाकिटात चिठ्ठीदेखील नव्हती.

त्याच दिवाळीत सकाळच्या उन्हात ताई गॅलरीत बसून चकल्या पाडत होती आणि कशावरून तरी खळखळून हसत होती. वडिलांनी खोके पोटाशी धरले, वरच्या इवल्या काचेत पाहिले आणि खटका दाबला. झडप मंद, त्यामुळे ताईचा हात हललेला आला. चेहरा मात्र जशी ती होती, तसाच.

“हा पाठवावा का?” आईने विचारले.

“कोणालाही काही पाठवायचे नाही,” वडील म्हणाले. “ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी घरी यावे.”

कोणी आले नाही. ताई शिकली, शिक्षिका झाली, तीस वर्षे मुलांना शिकवून निवृत्त झाली. गेल्या वर्षी ती गेली. भिंतीवर कोणता फोटो लावायचा, यावर आम्हा भावंडांत क्षणभरही चर्चा झाली नाही.

असो. दिवाळीची साफसफाई करताना तुमच्याही माळ्यावर असे एखादे खोके सापडेल. भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याच्या पाठीवरची छोटी लाल काच पाहा. तिच्यात आकडा दिसला, तर आत फिल्म असण्याचा संभव आहे. मागचे दार उजेडात मुळीच उघडू नका. तसेच्या तसे जाणत्या माणसाकडे न्या. आतला चेहरा टिकला असेलच असे नाही. परंतु विचारून पाहायला काय हरकत आहे?