दार हाय, पर वाडा कुठाय?

आमच्या तामलवाडीच्या टोलनाक्याजवळ एका हॉटेलात चहा घेताना पेपरातली बातमी दिसली. मुंबईत रेडिओ क्लबजवळ २२९ कोटींची नवी जेटी होतेय आणि गेटवेवरच्या जुन्या जेट्या टप्प्याटप्प्यानं बंद व्हायच्या आहेत. टेबलावरचे बाकीचे सोयाबीनच्या भावावर बोलत होते. गेटवेच्या पायऱ्यांवरून उद्या लाँच सुटणार नाही, याचं तामलवाडीत कुणाला वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. माझा चहा मात्र निवून गेला.

१९९६ ते २००६ अशी दहा वर्षं मी बॅलार्ड पिअरला एका शिपिंग एजंटाकडं कारकून होतो, राहायला काळाचौकीत. त्याआधीचं सोलापूर आणि त्यानंतरची शेती यांत सांगण्यासारखं काही नाही. विहीर, मोटार, सोसायटीचं कर्ज, घरोघरी तेच. मुंबईत मात्र माझ्याकडं गावाची रीघ असायची. कुणाला दवाखाना, कुणाच्या पोराची मुलाखत, कुणी नुसतंच आलेलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरायचे आणि काम कसलंही असो, जायच्या आधी एकच मागणी: "समिंदर दाखव."

चौपाटीवर समुद्र दिसतो, पण काठावरून. मी त्यांना गेटवेला न्यायचो आणि बंदरातल्या अर्ध्या तासाच्या फेरीला बसवायचो. वरच्या डेकवर बसायचं तर दहा रुपये जास्त. ते मी हट्टानं द्यायचो. मुंबईचं तोंड पाण्याकडं आहे, ही गोष्ट लाँच धक्का सोडून मागं सरकल्याशिवाय कळत नाही. रस्त्यावरून बघाल तर ताजचा घुमट माना मोडून बघावा लागतो आणि कमान गर्दीत, फुगेवाल्यांत हरवते. पाण्यावरून सगळं आपापल्या जागी बसतं. पिवळसर बेसॉल्टची कमान पुढं, तिच्या पाठीशी ताज, बाजूला गोद्या आणि क्रेनी. आणि पुढं काही वर्षं नौदलाच्या बाजूला उभी असलेली जुनी युद्धनौका 'विक्रांत', जिचं तेव्हा संग्रहालय झालं होतं.

एका लाँचवर भोंगा घेऊन माहिती सांगणारा माणूस असायचा. त्याची ठरलेली गोष्ट अशी: ताजचा इंजिनिअर विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर लोकांनी हॉटेल उलटं बांधलेलं, पुढची बाजू मागं! त्या धक्क्यानं त्यानं समुद्रात उडी घेतली. लोक हळहळायचे आणि उतरताना त्याच्या हातावर दोन-पाच रुपये ठेवायचे. ही गोष्ट मीही निदान वीस-पंचवीस गाववाल्यांना सांगितली. नंतर कळलं, ती साफ थाप आहे. ताजचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी व्हायच्या आधीच आजारानं वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजानं काम तडीस नेलं. हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात उघडलं. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता, तो तसाच योजलेला होता. एका मराठी वास्तुरचनाकाराचं नाव घ्यायचं सोडून आपण शंभर वर्षं त्या बिनानावाच्या साहेबाला समुद्रात ढकलतोय. त्या भोंगेवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यातला अर्धा माझ्यावरचाच आहे म्हणा.

माझे पाहुणे त्याच्यापेक्षा चांगलं बघायचे. ९८ साली आत्या आली होती. गाडीतून उतरून आम्ही बाहेर आलो आणि जीपीओसमोर ती थबकलीच. "आरं, ह्यो तर विजापूरचा घुमट!" मी हसलो. मग पुढं कधीतरी वाचलं, की जॉन बेगनं १९१३ चं ते पोस्ट खरोखरच गोल घुमटावरून बेतलं होतं. नऊवारीतल्या, इयत्ता दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईनं ते पिशवी खाली न ठेवता ओळखलं होतं.

लाँचवर आत्यानं एका हातानं लोखंडी दांडा धरला होता, दुसऱ्यानं पदर. पाण्यावर रॉकेलसारखे रंग तरंगत होते. तिनं नळदुर्गाचा पाणीमहाल पाहिलेला, बोरी नदीच्या बांधाच्या भिंतीत काढलेल्या त्या १६१३ च्या खोल्या. पाणी आणि दगड एका जागी बघायची तिला सवय होती. कमान लांब जाऊ लागली तशी ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दार हाय, पर वाडा कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. तुळजापूरच्या महाद्वारातून आत गेलं की आई असते. गावाच्या वेशीतून आत गेलं की गाव असतं. ह्या दारातून आत गेलं की काय? टॅक्सी स्टँड. उत्तर पुढं सापडलं, आणि ते आत्याच्याच बाजूचं निघालं. १९११ साली राजा पंचम जॉर्ज आला तेव्हा त्याच्यासाठी पुठ्ठ्याची कमान होती. जॉर्ज विटेटची दगडी कमान ४ डिसेंबर १९२४ ला उघडली, पाहुणा जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. २१ लाख खर्च झाले आणि कमानीपासून शहरात जाणारा नेमका रस्ता करायला पैसाच उरला नाही. म्हणून ती आजही समोरच्या रस्त्याला तिरकी उभी आहे.

याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्यांची शेवटची पलटण बोटीत चढली, हे भोंगेवाला अभिमानानं सांगायचा. आमच्या लोकांवर त्याचा फारसा परिणाम व्हायचा नाही. त्या दिवशी तामलवाडी निजामाकडंच होती. आमच्याकडं भारताची फौज आली ती सप्टेंबरात, सोलापूरकडून, नळदुर्गच्या रस्त्यानं. आमचं दार ते.

पुढची वर्षं भराभर गेली. २००३ च्या ऑगस्टात गेटवेसमोर टॅक्सीत स्फोट झाला, २००८ ला ताज जळताना मी गावात टीव्हीवर बघितलं. मग कठडे आले, पिशव्यांची तपासणी आली. 'विक्रांत' २०१४ ला भंगारात गेली. भाचा शिकागोला असतो. त्यानं नदीतल्या बोटीवरचा व्हिडिओ पाठवला. तिथं स्वयंसेवक मार्गदर्शक प्रत्येक इमारतीपाशी कुणी बांधली, कधी, का अशी, ते सांगतात आणि लोक पैसे देऊन दीड तास ऐकतात. "मामा, आपल्याकडं असं आहे का?" मी लिहिलं, आहे. खोटंच लिहिलं.

गेटवेची शंभरी भरली त्यानंतर दोनच आठवड्यांत, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. जानेवारीत मी मुंबईला गेलो तेव्हा लाँचवर सगळ्यांच्या अंगात नारंगी जाकिटं होती. ते बरंच झालं. लाँच सुटली आणि सगळा डेक उठून एका बाजूला गेला. कमान बघायला नव्हे, समुद्रपक्ष्यांना गाठ्या टाकायला. शेजारी एक तरुण बायकोला सांगत होता, "हे ताज उलटं बांधलंय, माहितेय? बांधणाऱ्यानं जीव दिला."

मी खाकरलो. म्हटलं, "नाही हो, वैद्य म्हणून एक होते..."

त्यानं मोबाईल वर धरला होता. "काका, जरा सरकता का? व्हिडिओत येताय."