खोडा, तुरुंग आणि वाळीत

अलिबाग शहरात, कुलाबा किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, सरखेल कान्होजी आंग्रे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचंड काळ्या पाषाणांनी उभारलेला हिराकोट नावाचा छोटेखानी कोट आहे, आणि ब्रिटिश अमलापासून आजतागायत रायगड जिल्ह्याचे कैदी त्याच कोटात ठेवले जातात. सरकारी दप्तरात त्या जागेला कारागृह म्हणतात. जुन्या कागदपत्रांत अशा जागेला बंदीखाना किंवा कैदखाना म्हटलेले आढळते. पक्षकार आणि वकील जेल म्हणतात. आणि गावोगावची माणसे तुरुंग म्हणतात. संस्कृत, फारसी, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा चार भाषांनी एकाच दरवाजाला दिलेली ही नावे या किनाऱ्यावर राज्य केलेल्यांचा इतिहासच सांगतात, असे म्हटले तरी चालेल.

यांपैकी तुरुंग हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘ट्रोंको’पासून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. ट्रोंको म्हणजे झाडाचे खोड, आणि त्यावरून, कैद्याचे पाय अडकवून ठेवण्यासाठी भोके पाडलेला जाड ओंडका. मराठीत त्याच साधनाला आपण खोडा म्हणतो, तो शब्दही खोडावरूनच निघालेला. आणि इंग्रजीत त्याला ‘स्टॉक्स’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ झाडाचा बुंधा. तीन भाषांनी परस्परांना न विचारता एकाच ओंडक्यावरून शिक्षेचे नाव घडवावे, यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही. जिथे भिंती बांधून माणसे वर्षानुवर्षे पोसणे राजसत्तेला परवडत नव्हते, तिथे लाकडाचा एक ओंडका हाच सर्वांत स्वस्त बंदीखाना होता. चौल आणि रेवदंडा हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत होता, आणि कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून जन्मलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. त्या अमलाच्या तटबंद्या ढासळल्या, गढ्यांत रान माजले; परंतु तुरुंग हा शब्द साऱ्या महाराष्ट्राने इतका आपलासा केला, की तो परदेशी आहे हे सांगितल्यावर ऐकणारा चकित होतो.

मराठ्यांच्या अमदानीतील न्यायदानाची परिभाषा निराळी होती. वाद जिंकणाऱ्याने संतोषाने सरकारात भरावयाची रक्कम म्हणजे हरकी, आणि हरणाऱ्याकडून वसूल होणारा दंड म्हणजे गुन्हेगारी. आज आपण गुन्ह्यांच्या प्रवृत्तीला जे नाव देतो, ते त्या काळी वसुलाच्या एका बाबीचे नाव होते. आंग्ऱ्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले, आणि पुढे १ जानेवारी १८६२ पासून १८६० ची भारतीय दंडसंहिता अमलात आली, तेव्हा या किनाऱ्यावर शिक्षेची एक सर्वस्वी नवी भाषा उतरली. त्या संहितेच्या इंग्रजी शब्दांना तत्कालीन भाषांतरकारांनी आणि कचेऱ्यांनी मराठी प्रतिशब्द दिले: साधी कैद, सक्तमजुरी, दंड, मालमत्तेची जप्ती, फाशी.

या भाषेचा सर्वांत मोठा गुण, माझ्या मते, तिच्यात असलेले माप हा होय. परक्या सत्तेने आपल्या सोयीसाठी केलेला तो कायदा होता, त्याच सत्तेने फटक्यांची शिक्षाही दीर्घकाळ चालू ठेवली (ती स्वतंत्र भारतात १९५५ साली रद्द झाली), आणि तरीही बहुतेक शिक्षांना त्या कायद्याने एक कमाल मर्यादा घातली. एकांतवासाचेच उदाहरण घ्या. कैद्याला इतर माणसांपासून सर्वथा तोडून ठेवणे ही मनावर किती भयंकर आघात करणारी गोष्ट आहे याची जाणीव ठेवून, त्या संहितेने असा एकांतवास एकूण तीन महिन्यांपेक्षा अधिक असू नये आणि एका वेळी चौदा दिवसांपेक्षा अधिक चालू नये असे बजावले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही मर्यादा कायम आहे. चौदा दिवस आणि तीन महिने हे आकडे वाचकाने ध्यानात ठेवावेत, कारण याच किनाऱ्यावर माणसाला माणसांपासून तोडणारी आणखी एक शिक्षा चालत आली आहे, आणि तिला कोणतीही मुदत नाही.

ती शिक्षा म्हणजे वाळीत टाकणे. तिच्यासाठी न कोट लागतो, न शिपाई, न हुकूमनामा. देवळासमोर किंवा समाजमंदिरात गावकी बसते, कोणी तरी पंचांचा शब्द मोडलेला असतो, जातीबाहेर लग्न केलेले असते, निवडणुकीत गावाने ठरविलेल्या उमेदवाराला मत दिलेले नसते, किंवा जमिनीच्या तंट्यात गावकीकडे न येता थेट कोर्टात फिर्याद केलेली असते. पंच दंडाची रक्कम सांगतात, ती भरली नाही तर ‘आजपासून यांच्याशी कुणी बोलायचे नाही’ एवढेच ठरते, आणि मंडळी घरोघर जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची बाई दुकानात मिठाला जाते, तर दुकानदार मान वर करीत नाही. कोळीवाड्यातले घर असेल तर होडीवर खलाशी येत नाही, आणि ओहोटीला रेतीत रुतलेली होडी लोटायला हात मिळत नाही. एकट्या माणसाने ढकलून होडी पाण्यात जात नसते. शिमग्यात देवाची पालखी वाडीतल्या प्रत्येक अंगणात नाचते आणि नेमके ते अंगण ओलांडून पुढे जाते. घरात मयत झाले तर खांदा द्यायला चार माणसे शेजारच्या गावातून, नात्यागोत्यातून बोलवावी लागतात, आणि तीही आपल्यावर दंड बसेल या भीतीने कचरतात. हे सारे महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे चालते. आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या येऊ लागल्या, की सामाजिक बहिष्काराच्या प्रश्नात या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाऊ लागले.

सरकारी शिक्षेत काळ्या पाण्याची शिक्षा हीच या दंडाच्या सर्वांत जवळची. समुद्र ओलांडला की जात जाते, या समजुतीमुळे अंदमानला पाठविलेला कैदी राजाच्या आणि गोताच्या अशा दोन्ही शिक्षा एकदम भोगीत असे. ती शिक्षाही १९५६ पासून कायद्याच्या पुस्तकातून गेली आणि तिच्या जागी जन्मठेप आली; वाळीत मात्र राहिले, कारण ते कोणत्याही पुस्तकात कधी लिहिलेलेच नव्हते.

इंग्रजी भाषेपाशीसुद्धा या गोष्टीसाठी चालता बोलता शब्द १८८० पर्यंत नव्हता. त्या वर्षी आयर्लंडच्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले, त्याचे पीक काढायला मजूर मिळेना, अखेर लष्कराच्या पहाऱ्यात बाहेरून माणसे आणावी लागली; आणि काही आठवड्यांतच त्या गृहस्थाचे आडनाव साऱ्या जगाचे क्रियापद झाले. मराठीने त्यासाठी बहिष्कार हा आपला जुना शब्द पुढे केला खरा, पण त्यामुळे दोन अगदी भिन्न गोष्टी एका नावाखाली आल्या. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला आणि उपासमार सोसून तो संप सहा वर्षे चालविला, तेव्हा दुबळ्यांनी सबळांशी असहकार केला होता. गावाने एका घराला वाळीत टाकणे हे त्याच्या अगदी उलट आहे.

हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी ओळखला असेल. त्या काळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, त्यांनी काढलेल्या पाक्षिकाचे नाव होते ‘बहिष्कृत भारत’. मुंबई सरकारने नेमलेल्या आणि बाबासाहेब ज्यात सभासद होते त्या स्टार्ट समितीने १९३० मध्ये नमूद केले, की अस्पृश्यांनी हक्क बजावण्याचा यत्न करताच गाव त्यांची मजुरी, दुकान आणि वाट बंद करते. आणि गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, तीही ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा दाखला देऊन.

ती मागणी या राज्यात पुरी व्हायला फार काळ गेला. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत टाकलेल्या माणसाची फिर्याद लिहून घेताना पोलिसांना कट, खंडणी, वैर पसरविणे अशी दुसऱ्याच गुन्ह्यांसाठी असलेली कलमे शोधावी लागत, आणि ठाणे अंमलदार विचारी, ‘मारले का? लुटले का? मग गुन्हा कुठला?’ या प्रश्नाला उत्तर देणे त्या माणसाला किती अवघड जात असेल!

महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये संमत केलेला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून अमलात आलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा या प्रश्नाचे उत्तर तपशिलाने देतो. बहिष्कार म्हणजे काय हे त्यात एकेक कृत्य घेऊन सांगितले आहे: लग्नाला किंवा अंत्यविधीला अडथळा करणे, व्यवहार तोडणे, देऊळ, सभागृह वा स्मशान वापरू न देणे, आणि एका घरच्या मुलांबरोबर दुसऱ्यांच्या मुलांना खेळू न देणे हेसुद्धा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा अशी तरतूद. आणि ज्याने बैठक बोलावली तो तर दोषी आहेच, पण तिच्यात बहिष्काराच्या बाजूने मत देणाराही दोषी. गावकीने घेतलेला दंड आजवर गावकीच्याच तिजोरीत जात आला. या कायद्याखाली वसूल होणारा दंड, सर्व किंवा अंशतः, वाळीत पडलेल्या कुटुंबाला देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते.