बाली, भात आणि उंदीर: एक बेट पेपरमधून कसं वाचायचं?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचं लग्न झालं. हनिमूनला बाली, पाच रात्री सहा दिवसांचं पॅकेज. निघायच्या आधी त्याचा फोन आला, "ताई, तू त्या बालीवरच काहीतरी वाचत असतेस ना? काय बघू तिथे?" मी वीस मिनिटं बोलले. पाटाचं पाणी, उंदीर, तुडतुडे, भाताच्या लावणीच्या तारखा. पलीकडे शांतता. शेवटी तो म्हणाला, "बीच कुठला चांगला, ते सांग ना."

ते मला माहीत नव्हतं. मी बालीला गेलेलेच नाही. माझं काम शेतातल्या किडींच्या प्रसाराच्या गणिती मॉडेल्सवर आहे, आणि पहिल्या वर्षी गाइडनी माझ्या हातात बालीवरचा एक पेपर ठेवला होता. तेव्हापासून हे बेट मला असं तिरपं-तारपं माहीत आहे. तुम्ही रिसर्चमध्ये उतरायच्या तयारीत असाल, तर हा पेपर समजून घेणं उपयोगाचं आहे. म्हणून आज तो सांगते.

आधी भूगोल, थोडक्यात. बाली म्हणजे इंडोनेशियातलं, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण ८ अंशांवरचं बेट. आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा जरासंच मोठं, पण लोकसंख्या ४० लाखांच्या वर. २०१९ मध्ये तिथे ६० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले. बेटाच्या मधोमध ज्वालामुखी आहेत. आगुंग ३००० मीटरच्या वर आहे, आणि बातूरच्या मोठ्या विवरात एक सरोवर आहे. पाऊस डोंगरात पडतो आणि नद्या खोल घळींतून समुद्राकडे धावतात.

ही खोल घळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यामुळे आहे. नदी खाली आणि शेत वर, त्यामुळे शेजारून नदी वाहत असली तरी तिचं पाणी उचलता येत नाही. मग बरंच वर जाऊन बंधारा घालायचा, आणि बोगदे खोदून, पाट काढून ते पाणी कित्येक किलोमीटर खाली आपल्या खाचरापर्यंत आणायचं. म्हणजे माझं पाणी तुमच्या हद्दीतून येणार. तुम्ही वर, मी खाली. तुम्ही पाट अडवलात की माझं भात गेलं.

एका पाटावरच्या शेतकऱ्यांची जी संघटना असते तिला तिथे 'सुबक' म्हणतात. (मराठीतल्या 'सुबक'शी याचा संबंध नाही, पण त्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांचे फोटो बघून तसं वाटतं खरं.) सुबकचा एक प्रमुख असतो, पेकासेह. पाण्याचे वाटे, पाटाची साफसफाई, दंड, लावणीची तारीख हे सगळं बैठकीत ठरतं. ही पद्धत सुमारे हजार वर्षं जुनी आहे. धुळे-नाशिककडची फड बागायत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ओळखीचं वाटेल. फरक असा की बालीत प्रत्येक बंधाऱ्यापाशी, पाट फुटतो तिथे, देऊळ असतं. लहान देवळं मोठ्या देवळांना जोडलेली, आणि सर्वांत वर बातूर सरोवराच्या देवीचं, देवी दानूचं, मंदिर. अनेक सुबकांचे लोक एका देवळात जमतात आणि पुढच्या हंगामाचं वेळापत्रक ठरवतात.

आता प्रश्न. समजा एका खोऱ्यात दीडशे सुबक आहेत. सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावणी केली तर सगळ्यांना एकाच वेळी भरपूर पाणी लागणार, आणि तेवढं नदीत नाही. मग ज्याने त्याने आपल्या सोयीने वेगवेगळी लावणी करावी? पाण्याचा प्रश्न सुटतो, पण किडीचा उभा राहतो. उंदीर आणि तपकिरी तुडतुडे यांच्यासाठी कुठे ना कुठे कायम हिरवं भात असतं. इथलं कापलं की ते पलीकडच्या शेतात जातात. याउलट मोठ्या सलग पट्ट्यात एकदम कापणी झाली आणि खाचरं काही आठवडे मोकळी राहिली, तर त्यांची उपासमार होते.

म्हणजे पाणी सांगतं वेगवेगळं लावा, कीड सांगते एकत्र लावा. हे दोन बाजूंनी ओढणारे दोर पेपरमध्ये ओळखता आले, की अर्धा पेपर समजला असं माझं मत आहे.

१९७० च्या दशकात हरितक्रांती बालीत पोचली. नवं, लवकर येणारं बियाणं, खत, कीटकनाशक, आणि सरकारी आदेश: जमेल तितक्या वेळा भात घ्या. देवळातल्या तारखांची वाट कशाला बघायची? अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती नुसती पूजाअर्चा होती. सुरुवातीला उत्पादन वाढलं. मग पाण्याचा गोंधळ सुरू झाला, तुडतुडे आले, त्यांना न जुमानणारं बियाणं आणलं तर टुंग्रो हा विषाणूजन्य रोग आला. शेतकरी पुन्हा देवळांच्या वेळापत्रकाकडे जायची परवानगी मागू लागले. दरम्यान १९७९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या पैशांतून सिंचनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच्या आराखड्यात या देवळांना स्थान नव्हतं.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग याच काळात बालीत काम करत होता. देवळांचं जाळं पाण्याचं व्यवस्थापन करतं, असं तो म्हणत होता. पण इंजिनिअरला 'मी शेतकऱ्यांशी बोललो' हे पुरत नाही. त्याला आकडे लागतात. (आणि मला विचाराल तर त्यात त्याची चूकही नाही.) मग लान्सिंगने जेम्स क्रेमरला गाठलं. क्रेमर सागरी परिसंस्थांची मॉडेल्स करणारा. दोघांनी ऊस आणि पेतानू या दोन नद्यांच्या खोऱ्यांतले १७२ सुबक कॉम्प्युटरमध्ये उतरवले. उबुदला जाणारे पर्यटक ज्या चंपुहानच्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, ती याच ऊस नदीच्या प्रवाहांमधली आहे.

मॉडेलमध्ये पाऊस, नदीचा प्रवाह, प्रत्येक सुबकची पाण्याची गरज, भाताची वाढ आणि किडीची वाढ एवढंच होतं. मग त्यांनी एकच गोष्ट बदलत नेली: किती सुबक एकत्र लावणी करतात. एका टोकाला प्रत्येक सुबक स्वतंत्र, दुसऱ्या टोकाला सगळं खोरं एकदम. स्वतंत्र ठेवलं तर कीड माजली, सगळे एकत्र तर पाणी आटलं. सर्वांत चांगलं पीक मधल्या कुठल्यातरी आकाराच्या गटांत आलं, आणि ते गट प्रत्यक्षातल्या देवळांच्या गटांसारखे होते.

इथेच पेपर संपला असता तरी चाललं असतं. पण त्यांनी पुढचा प्रयोग केला, आणि तो वाचून मी वही बंद करून चहा प्यायला गेले होते. त्यांनी मॉडेलमधून देवळं काढूनच टाकली. प्रत्येक सुबकला सुरुवातीला वाटेल ते वेळापत्रक दिलं आणि एकच नियम घातला: वर्षाअखेर शेजाऱ्यांकडे बघ, ज्याचं पीक सर्वांत चांगलं आलं त्याचं वेळापत्रक उचल. बस. थोड्याच 'वर्षां'त नकाशावर एकत्र लावणी करणाऱ्या सुबकांचे ठिपके तयार झाले, खऱ्या देवळांच्या जाळ्यासारखे. कुणी वरून आखलं नाही, तरी व्यवस्था उभी राहिली. हा पेपर १९९३ चा.

आता एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. वरचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडेल? त्याच्याकडे तर नळाची चावी आहे. याचं उत्तर लान्सिंग आणि जॉन मिलर यांनी पुढे एका छोट्या खेळातून दिलं. तो कागदावर करून बघा. खालचे आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी.

दोन शेतकरी, एक वर, एक खाली. पूर्ण पीक म्हणजे १००. वेगवेगळ्या वेळी लावणी केली तर किडीमुळे दोघांचंही ३० चं नुकसान, म्हणून ७० आणि ७०. एकाच वेळी लावणी केली तर कीड नाही, पण खालच्याला पाणी कमी पडतं, त्याचं ४० चं नुकसान. वरच्याला १००, खालच्याला ६०. खालचा काय करेल? ७० हे ६० पेक्षा बरे, तो वेगळी लावणी करेल. मग वरच्याचंही ३० जातं. आता वरच्याने थोडं पाणी सोडलं, त्यात त्याचे ५ गेले, पण खालच्याचं नुकसान ४० वरून २५ वर आलं, असं धरा. आता एकत्र लावणीत खालच्याला ७५ मिळतात आणि वरच्याला ९५. दोघंही खूश.

म्हणजे वरचा पाणी सोडतो तो किडीच्या भीतीने! मॉडेलमधून कीड शून्य करा, सहकार्यही कोसळतं. त्यांनी शेतकऱ्यांना विचारलंही, तुम्हाला जास्त त्रास कशाचा, पाण्याचा की किडीचा? वरचे बहुतेक म्हणाले कीड, खालचे म्हणाले पाणी. मॉडेल आणि माणसं एकच सांगत होती.

एक मात्र सांभाळा. मॉडेलमधून खऱ्यासारखा नकाशा निघाला, म्हणून इतिहासात तसंच घडलं असं सिद्ध होत नाही. एकाच नकाशापर्यंत दुसऱ्या वाटेनेही पोचता येतं. ब्रिगिटा हाउझर-शॉयब्लिन यांनी आक्षेप घेतला की या सगळ्यात बालीचे राजे कुठे गेले? देवळं, जमिनी, पाणी यांवर राजघराण्यांचा हात होताच. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये मी 'मॉडेल डेटाशी जुळतं, म्हणजे बरोबर आहे' असं बिनधास्त म्हणाले होते. मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, "आणखी कुठलं मॉडेल जुळतं, ते तपासलंस का?" तपासलं नव्हतं. घरी येऊन तीन आठवडे तेच केलं, आणि माझं मॉडेल दुसऱ्या नंबरवर आलं.

विकास बँकेने पुढे स्वतःच्या प्रकल्पाचं मूल्यमापन केलं, तेव्हा पारंपरिक व्यवस्थेचं महत्त्व न ओळखल्याची किंमत मोजावी लागली हे मान्य केलं. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबकच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हटलं. जातिलुविहची खाचरं त्यात येतात. पण या खेळात आता तिसरा खेळाडू आला आहे: हॉटेल आणि व्हिला. त्यांनाही पाणी हवं आहे आणि जमीनही, पण किडीची भीती नाही. वरच्या शेतकऱ्याला खालच्याशी बांधून ठेवणारा तो दोर त्यांना लागूच होत नाही. मधलं एक खाचर विकलं गेलं की त्याखालच्या पाटाचं काय, हा प्रश्न बैठकीत सुटण्यातला राहत नाही. वरचा आकड्यांचा खेळ तीन जणांचा करून बघा. मी केला, आणि मला काही केल्या सगळे खूश होतील असे आकडे मिळाले नाहीत. तुम्हाला मिळाले तर कॉमेंटमध्ये टाका.

भाऊ आता तिथेच आहे. काल त्याने तेगाललांगच्या खाचरांपुढे झोपाळ्यावर बसलेला फोटो पाठवला. मागे एका बाजूला भात पिवळं झालेलं, आणि घळीपलीकडे नुकती लावणी. मी लगेच मेसेज केला, "अरे, त्या दोन बाजूंना पाणी एकाच पाटातून येतं का, जरा विचारतोस?"

उत्तर आलं, "ताई, मी हनिमूनला आलोय." संध्याकाळी मात्र दगडी पाटाचा एक फोटो आला, कडेला पाण्याचे दोन असमान वाटे करणारी खाच. खाली लिहिलं होतं, "ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणतो वेगळे सुबक."